कालवा फाट्यावरचा हिरवा दिवा

मी सिग्नलचं काम करत होते असं सांगितलं की बीडमधली माणसं आधी हसतात. मग विचारतात, "आपल्याकडं हायत का सिग्नल? आन हायत तर चालू हायत का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उभी नोकरी मी पुण्यात सिग्नल बसवणाऱ्या एका कंपनीत काढली आणि शेवटची काही वर्षं कंपनीनं मला माझ्याच जिल्ह्यात पाठवलं. माझं माहेर सिरसाळ्याचं. "मॅडम, तुम्हाला तिकडची भाषा येते," एवढं एकच कारण त्यांनी दिलं. भाषा येते हे खरं, पण खांबाखाली साडी नेसून उभी असलेली बाई म्हणजे एक तर डोस पाजणारी, नाहीतर नाव लिहून घेणारी, हे इथं इतकं पक्कं होतं की पहिल्याच आठवड्यात एका आईनं लेकराला माझ्यापुढं धरून त्याचं तोंड उघडायला लावलं. मी म्हटलं, "बाई, मी दिवेवाली." ती म्हणाली, "मग आमच्या गल्लीतला कावून लागत न्हाई?"

आता हा धंदा काय असतो ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. साधा सिग्नल आंधळा असतो. त्याला फक्त घड्याळ कळतं. या रस्त्याला इतका वेळ, त्या रस्त्याला तितका वेळ, संपलं. रस्त्यावर कुणी आहे की नाही, मधेच कुणी अडकलंय का, याचा त्याला पत्ता नसतो. नव्या पद्धतीत वाहनावर एक लहानशी डबी बसवतात. ती सतत बोलत असते: मी अमुक वाहन, अमुक जागी आहे, इतक्या वेगानं या दिशेला निघालेय. चौकातल्या खांबावर ते ऐकणारं यंत्र असतं आणि खाली लोखंडी पेटीत त्याचा विचार करणारा संगणक. रुग्णवाहिका येतेय म्हटलं की तो तिच्यासाठी आधीच वाट मोकळी करतो. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर येतोय म्हटलं की हिरवा थोडा लांबवतो, कारण ड्रायव्हरनं ब्रेकवर उभं राहिलं तरी मागचा ऊस थांबायचं मनावर घेत नाही. कंपनीच्या कागदावर या सगळ्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. इथं सगळे ‘डबी’ म्हणत, मग मीही डबीच म्हणायला लागले.

आमचा प्रयोग चालला तो चौक माजलगावच्या अलीकडचा. आम्ही त्याला कालवा फाटा म्हणायचो. एका बाजूनं मोठा रस्ता, त्यावरून रात्रंदिवस ट्रक. त्याला आडवा जाणारा कालव्याकडचा रस्ता, आणि हंगाम सुरू झाला की त्या रस्त्यानं सगळा ऊस चौक ओलांडून कारखान्याकडं जातो. या आडव्या रस्त्यावर चौकाला लागण्याआधी एक चढ आहे. तो गाडीत बसून जाणाऱ्याला जाणवतही नाही.

गिऱ्हाईकं एकेक भेटली. दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या डब्या मुक्या. जाऊन बघते तर प्रत्येक डबीला हळदकुंकू, वर झेंडूची जाड माळ, आणि आधी श्रद्धेनं पाण्यानं धुतलेली. रागवायचं तरी कुणाला? त्यांनी आमच्या यंत्राला देवाच्या रांगेत बसवलं होतं. दुसरा किस्सा रुग्णवाहिकेचा. एक दिवस रुग्णवाहिकेला रस्ता मोकळा झाला आणि चौकातून फुलांनी सजवलेली नवरदेवाची गाडी थाटात गेली. ड्रायव्हरनं स्वतःची डबी काढून मेहुण्याच्या लग्नाला दिली होती. त्याला फैलावर घेतलं तर म्हणतो, "मॅडम, मुहूर्त टळत हुता. ती बी इमर्जन्सीच की!" मी त्याला चौकातल्या पोलिसांपुढं उभं केलं. तिथले हवालदार शेख यांनी त्याला इतका वेळ समजावलं की शेवटी लग्नाचं जेवणही हुकलं.

शेख हवालदारांविषयी सांगायला हवं. सगळी नोकरी चौकात उभं राहून केलेला माणूस. यंत्राशी त्यांचं वैर नव्हतं, पण भरवसाही नव्हता. "मॅडम, मशीन तुमची, शिट्टी आपली," असं म्हणून ते रोज सकाळी पेटीला एक टिचकी मारत आणि आपल्या जागेवर जाऊन उभे राहत. सिग्नल व्यवस्थित चालू असताना पोलिसानं कशाला उभं राहायचं, यावर आमचा रोज वाद व्हायचा. मी तो वाद कधी जिंकले नाही.

आमच्या यादीत बस होत्या, ट्रॅक्टर होते, रुग्णवाहिका होत्या. बैलगाड्या नव्हत्या. पुण्यात बसून यादी करणाऱ्याला ऊस म्हटलं की ट्रॅक्टर आठवतो. पण कारखान्याजवळच्या फडातला ऊस अजून टायरच्या बैलगाड्यांतून येतो. गाडी कारखान्याची, बैल तोडणाऱ्याचे. हंगामाच्या पहिल्या दिवसापासून मी बघत होते, भरलेली गाडी चढावर कूर्मगतीनं येते, हिरवा असतो म्हणून चौकात शिरते, आणि आमचा एवढा हुशार संगणक तिला ओळखतच नाही. त्याच्या लेखी चौक रिकामा. तो बिनधास्त दिवा बदलतो. मग शेख हवालदार शिट्टी फुंकत धावतात.

या गाड्यांतली एक गाडी कौसाबाईची. डोंगरपट्ट्यातली बाई, चाळिशीची असेल. बाईमाणूस एकटी गाडी हाकतेय म्हणून माझं लक्ष गेलं. चौकाच्या बरंच अलीकडं ती गाडीवरून उतरायची, बैलांच्या पुढं जाऊन कासरा धरायची आणि हिरवा असला तरी जागची हलायची नाही. मागं गाड्यांची रांग लागायची, लोक ओरडायचे. शेखांनी हातानं बोलावलं की मगच निघायची. एकदा चहाच्या टपरीवर मी तिला विचारलं, "हिरवा लागल्यावर का येत नाही?"

"भ्या वाटतंय, ताई," ती म्हणाली. "मागल्या साली ह्याच फाट्यावर आमच्या मालकाला ट्रकनं ठोकलं. पाय गेला गुडघ्याखालून. आता गावाकडं बसून हायत."

"कसं झालं?"

"त्येंचीच चूक. लालमदी घातली गाडी. समदे म्हणले तसं." तिनं बशीतला चहा संपवला. "मी लई बोलते त्येंला. फोनवर बी बोलते. डोळे कुठं हुते तुमचे, म्हणते."

"आणि ते काय म्हणतात?"

"काय म्हणतेत? ध्येनात न्हाई म्हणतेत. गुमान ऐकून घेतेत."

तेव्हा या फाट्यावर जुना घड्याळी सिग्नल होता. आम्ही येण्याआधीच त्याची पेटी भंगारात गेली होती, त्यामुळं त्या दिवशी खरं काय घडलं हे सांगायला कुठलं यंत्र शिल्लक नव्हतं. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. मी आयुष्यभर दिवे लावले आणि माझ्यासमोर एक बाई हिरव्या दिव्याला भिते, ही गोष्ट मला लागली.

आमच्याकडं जादा डब्या होत्या. प्रश्न एवढाच की संगणकाच्या यादीत बैलगाडी असा प्रकारच नाही. मग मी त्या गाड्यांची नोंद ट्रॅक्टर म्हणून केली. दुसरी अडचण वेगाची. चालत्या माणसापेक्षा हळू जाणारं वाहन म्हणजे ते उभंच आहे, असं संगणक धरायचा. ती अटही मी सैल केली. प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांना सांगितलं तेव्हा ते कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं समजू आपण." अधिकारी वाईट नव्हते, फक्त त्यांना हा प्रयोग लवकर पुढच्या तालुक्यात न्यायचा होता. अहवालात त्या गाड्या आजही ‘संथ ट्रॅक्टर’ म्हणून आहेत. पुण्याहून एका पोरानं फोन करून विचारलंही, "मॅडम, तुमच्याकडचे काही ट्रॅक्टर फारच हळू आहेत, गॅरेजला दाखवले का?" मी म्हटलं, "वैरण टाकलीय, बघू."

काही दिवस छान गेले. भरलेली गाडी चढाला लागली की हिरवा तिच्यासाठी थांबायचा, ती पलीकडं गेली की मग बदलायचा. कौसाबाई अजून खाली उतरूनच चौक ओलांडत होती, पण शेखांच्या हाताची वाट बघणं तिनं सोडलं होतं. माझ्याकडं बघून किंचित मान हलवायची. मला तेवढं पुष्कळ होतं.

आणि मग एका दुपारी मोठ्या रस्त्याला लाल लागला तो लागलाच. कालव्याकडच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही, ऊस नाही, गाडी नाही, तरी तिकडं हिरवा. ट्रक थांबले, बस थांबल्या, आणि नेमका त्या वेळी एका पुढाऱ्याचा ताफा येऊन थांबला. कार्यकर्ते खाली उतरले. "कुणासाठी लाल हाय बे हे?" एकानं ओरडून विचारलं. शेख हवालदार चौकातून खाली कालव्याकडं बघत होते. त्यांनी वळून, अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं, "बैलांसाठी, साहेब. पाणी पिऊन राहिले."

झालं होतं असं की आम्ही डब्या बसवल्या गाडीच्या दांडीला, म्हणजे पुढं जुवापर्यंत जाणाऱ्या लाकडाला. पण गाडी कारखान्याची. गाडी कुठंही उभी राहते, तिच्याकडं कोण बघणार? डबी हरवली तर आपल्यावर येईल, ही सगळ्यांना धास्ती. आणि या लोकांची एक रीत आहे. घुंगरमाळ असो, दृष्टीचा काळा गोफ असो, जे जपायचं ते बैलाच्या गळ्यात बांधायचं, कारण बैल कधी नजरेआड होत नाही. तेव्हा सगळ्यांनी मिळून, मला न विचारता, डब्या दांडीवरून काढून बैलांच्या गळ्यात बांधल्या होत्या. दुपारी गाड्या सोडून बैल कालव्यावर पाण्याला नेले की संगणकाला दिसायचं, ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर चढाकडं तोंड करून निघालेत. त्यानं बिचाऱ्यानं सगळ्यांसाठी हिरवा धरून ठेवला होता.

पुढारी हसले, असं मला नंतर कळलं. पण कार्यकर्त्यांनी चित्रफीत काढली होती. संध्याकाळपर्यंत ती जिल्हाभर मोबाइलवर फिरली. माझ्या धाकट्या जावेनंही ती मला पाठवली, खाली हसून हसून रडणारी तोंडं. अधिकाऱ्यांचा फोन आला, "उद्याच्या उद्या त्या डब्या काढा. गंमत पुरे झाली."

मी काकुळतीला येऊन थोडी मुदत मागून घेतली. ज्यांच्या डब्या काढायच्या त्यांच्या चुकीपेक्षा माझा राग त्या चित्रफितीवर जास्त होता. कंपनीतल्या पोरांशी फोनवर डोकं लावून आम्ही एक तोड काढली. बैल जुंपलेले असले की गाडीची दांडी आडवी असते. बैल सोडले की ती जमिनीला टेकते. तेव्हा सोडून ठेवलेल्या गाडीसाठीही हिरवा अडून राहू नये म्हणून डबीत एक साधी कळ बसवायची, दांडी खाली झुकली की डबी बंद, वर आली की चालू. डबी दांडीलाच पक्क्या खिळ्यांनी ठोकायची, आणि हरवली तरी कुणावर येणार नाही, असं सगळ्यांसमोर सांगायचं. ते मी तोडणाऱ्यांच्या झोपड्यांवर, म्हणजे कोप्यांवर, जाऊन शेकोटीशेजारी उभी राहून सांगितलं. कौसाबाईनं विचारलं, "मंजी आता बैल पाण्याला गेल्याले त्याला कळायचं न्हाई?" मी म्हटलं, "नाही." तशी सगळी हसली.

अधिकारी स्वतः बघायला आले. भर दुपारची वेळ, मोठ्या रस्त्यावर गर्दी. मी पेटी उघडून पडद्यासमोर उभी होते. एका गाडीची दांडी टेकवून तिचे बैल कालव्यावर नेऊन आणले, सिग्नल ढिम्म हलला नाही. अधिकारी खूश झाले. मग कौसाबाईची भरलेली गाडी चढाला लागली. पडद्यावर ठिपका दिसला, कालव्याकडं हिरवा झाला, मोठ्या रस्त्यावरचे ट्रक थांबले. आणि त्या दिवशी ती खाली उतरली नाही. गाडीवर बसूनच आली. मला इतका आनंद झाला की मी शेखांना हाक मारून दाखवलं, "बघा, बसून येतेय!"

चौकाच्या मधोमध एक आवाज आला. जुवाला बैलाच्या मानेजवळ लाकडी खुंटी असते, तिला शिवळ म्हणतात. उजव्या अंगाची शिवळ मोडली. बैल जुवातून बाहेर निघाला, दांडी एका बाजूनं खाली आली आणि टेकली. माझ्यासमोर पडद्यावरचा ठिपका विझला.

दांडी खाली म्हणजे बैल सोडलेले, बैल सोडलेले म्हणजे गाडी नाही. आम्हीच त्याला तसं शिकवलं होतं. चौक रिकामा आहे असं समजून संगणकानं कालव्याकडचा हिरवा संपवला आणि मोठ्या रस्त्याला हिरवा दिला. पहिल्या ओळीतल्या ट्रकवाल्याला समोर उसाचा ढीग दिसत होता, तो थांबून राहिला. पण त्याच्या आडून, पलीकडच्या पट्ट्यातून, दुसरा ट्रक लांबून वेगात येत होता. त्याला फक्त हिरवा दिसत होता.

मी पेटीतली सगळीकडं लाल करायची कळ दाबली. पण दिवा बदलला तरी वेगात आलेला ट्रक लगेच थांबत नाही. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. शेख हवालदार माझ्या आधीच धावले होते. त्या पट्ट्यात मधोमध दोन्ही हात वर करून ते उभे राहिले आणि शिट्टी त्यांनी अशी फुंकली की मला अजून कधी कधी झोपेत ऐकू येते. ट्रकची चाकं करकरत घासली. ट्रक तिरका झाला आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला. गाडीवरून उसाच्या मोळ्या घरंगळल्या. कौसाबाई दांडीला घट्ट धरून तशीच बसली होती, वर दिव्याकडं बघत.

मग जो तो धावला. ट्रकवाल्यांनीच खांदा लावून गाडी पलीकडं ढकलली. कुणी मोळ्या उचलल्या, कुणी सुटलेला बैल धरला. शेख हवालदार दुभाजकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मला म्हणाले, "मॅडम, आता तरी शिट्टीला नावं नका ठेवू." मी त्यांच्यापुढं उभी राहून रडले. अधिकारी पेटीजवळ पांढरेफटक होऊन उभे होते. "हे नीट होईल का?" त्यांनी विचारलं. डब्या काढा असं ते म्हणाले नाहीत, ही गोष्ट मी त्यांच्या बाजूनं नेहमी सांगते.

त्यावर उपाय निघाला आणि तो साधा होता. चौकात शिरलेलं वाहन बाहेर पडलेलं दिसत नाही तोवर ते आतच आहे असं धरायचं, मग त्याची डबी बोलो की न बोलो. डबी मधेच गप्प झाली तर चारही बाजूंना लाल. हा नियम आता आमच्या कंपनीच्या सगळ्या चौकांत आहे, जिथं बैल औषधालाही सापडत नाही तिथंसुद्धा. माझ्या नोकरीत मी केलेल्या कामांपैकी त्याचा मला सर्वांत जास्त अभिमान आहे. पण ते नंतरचं.

त्या दुपारी, रस्ता मोकळा झाल्यावर, मी कौसाबाईला शोधत पलीकडं गेले. ती कडुनिंबाखाली बैलांना बांधून उभी होती. मला वाटलं आता ही मला शिव्या देईल, आणि तिचा तो हक्कच होता. मी म्हटलं, "कौसाबाई, लागलं का?"

तिनं माझ्या प्रश्नाकडं लक्षच दिलं नाही. "ताई, मी निघालते तवा हिरवा हुता ना?" तिनं विचारलं.

"हो."

"तुमी पाहिलता?"

"मी पाहिला. सगळ्यांनी पाहिला. तू हिरव्यातच आत आलीस. तू आत असताना तो बदलला."

"आन भाईरून बघणाऱ्याला काय दिसंल?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं ती काय विचारतेय. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसलं असतं, की लाल दिव्यात एक बैलगाडी चौकात उभी आहे.

तिनं पदरात बांधलेला लहान फोन सोडला. बटणं दाबताना दोनदा चुकली. पलीकडून कुणी तरी ‘हां’ म्हणालं असावं.

"आवो, ऐकता का," ती म्हणाली. "न्हाई, लागलं न्हाई मला. बैल बी नीट हायत. आदी ऐका की. मी आत्ता हिरव्यात निघालते आन मदीच लाल झाला. व्हय, त्याच फाट्यावर. तुमी बी हिरव्यातच निघाला आसताल. चूक न्हवती वो तुमची. ऐकलं का? तुमची चूक न्हवती."

फोन कानाला तसाच धरून तिनं पदरानं स्वतःचे डोळे पुसले.

"रडू नगा," ती म्हणाली. "मी सांगते समद्यांला."